इल्फर्डचे सतरा सेकंद

इल्फर्डच्या त्या घरात खोली बघायला मी गेले ती एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी दहाला. फोनवर घरमालकांनी तीनदा बजावलं होतं, "दहा म्हणजे दहा. मला उशीर खपत नाही." नागपूरहून येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते, कंपनीनं दिलेलं हॉटेल शुक्रवारी सोडायचं होतं, त्यामुळे मी पावणेदहापासूनच समोरच्या बसस्टॉपवर कुडकुडत उभी होते. दहाच्या ठोक्याला बेल वाजवली. दार काकूंनी उघडलं आणि माझ्याकडे इतक्या दयेनं पाहिलं, की मला वाटलं, खोली गेली.

"ये बाई, बस," त्या म्हणाल्या. "हे अजून अंघोळीला जायचेत. चहा टाकते. तासभर लागेल."

तासाभरात मी दोन कप चहा प्याले, बशीभर पोहे खाल्ले आणि त्या एका खोलीतली चार घड्याळं पुन्हापुन्हा बघितली. चारही एका सुरात टिकटिकत होती आणि चारही एक तास मागे होती. मला वाटलं, लोक गरीब असतील, सेल संपले असतील. बरोबर अकराला काका पूजा आटोपून बाहेर आले. भिंतीवर दहा वाजले होते. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! अगदी वेळेवर आलात. हल्लीच्या मुलांत हा गुण राहिला नाही."

खोली मला मिळाली ती वक्तशीरपणाच्या जोरावर. पुढे सहा वर्षं मी तिथे राहिले, आणि त्या सहा वर्षांत उन्हाळ्यातल्या एकाही रविवारी मला कुणाकडे वेळेवर पोचल्याचं आठवत नाही.

काकांचं म्हणणं साधं होतं. मार्चमध्ये सरकार सांगतं म्हणून घड्याळं तासभर पुढे करायची आणि ऑक्टोबरात सरकार सांगतं म्हणून मागे आणायची, हा चावटपणा त्यांना मान्य नव्हता. "सूर्य काय सरकारी नोकर आहे?" हे त्यांचं आवडतं वाक्य. दुधवाल्यापासून खासदाराच्या प्रचाराला आलेल्या पोरीपर्यंत सगळ्यांना त्यांनी ते ऐकवलं होतं. त्यामुळे त्या घरात बारा महिने ग्रिनिचची वेळ चाले. पण तीही नुसती ग्रिनिचची नाही. इल्फर्ड ग्रिनिचच्या किंचित पूर्वेला आहे, आणि पूर्वेला सूर्य आधी येतो. एका अंशाला चार मिनिटं, या हिशेबानं काकांनी नकाशावर पट्टी लावून आपल्या घराची वेळ काढली होती. ग्रिनिचच्या पुढे सतरा सेकंद. घरातली अकराही घड्याळं सतरा सेकंद पुढे असत. टीव्हीवर बातम्यांची सुरुवात झाली, की काका समाधानानं मान हलवत, "आले बघ, सतरा सेकंद उशिरा."

हे वेड वडिलार्जित होतं. काकांचं लहानपण गिरगावात गेलं. तेव्हा सगळा देश एका वेळेवर चालत असताना मुंबई आपली जुनी वेळ धरून बसली होती, एकोणचाळीस मिनिटं मागे. पुढे मुंबईनंही ती सोडली, पण काकांच्या वडिलांनी सोडली नाही. घरात मुंबईची वेळ, शाळेत सरकारी वेळ. "एकोणचाळीस मिनिटांबद्दल रोज छड्या खाल्ल्यात मी," काका सांगत, तेही अभिमानानं. एखाद्याला वाटेल, छड्या खाल्लेला माणूस शहाणा होईल. काकांनी त्यातून घेतला तो फक्त वारसा.

आणि गंमत अशी, की या माणसानं इंग्लंडात येऊन उभी नोकरी केली ती रेल्वेच्या वेळापत्रकाच्या कचेरीत. हजारो गाड्यांच्या वेळा त्यांनी मिनिटामिनिटानं जुळवल्या. मी विचारलं, "काका, तिथे कसं चालवून घेतलंत?" तर म्हणाले, "ते पोटापाण्याचं. कोट काढला की वेळ माझी."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे माझं मनगटी घड्याळ मागितलं. "बघू जरा, चुकतंय तुझं." मी भाबडेपणानं दिलं. त्यांनी ते चष्मा लावून, ओठ मुडपून 'दुरुस्त' केलं आणि परत दिलं. सोमवारी मी ऑफिसला तासभर उशिरा पोचले. मॅनेजरनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, की माझ्या घरमालकांचा उन्हाळ्यावर विश्वास नाही. त्या बिचाऱ्यानं आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे.

त्या संध्याकाळी काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि फळीवरचा पोह्यांचा डबा खाली काढला. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी आतून एक छोटंसं बायकी घड्याळ काढलं. पट्टा तुटलेला, काच पिवळी पडलेली, पण काटे चालू. त्यात खरी वेळ होती, म्हणजे बाकीचा देश ज्याला खरी म्हणतो ती.

"हे आपलं सरकारी घड्याळ," काकू कुजबुजल्या. "सकाळी निघताना यात बघत जा. ह्यांना माहीत नाही. चिमी शाळेत जायला लागली तेव्हा घेतलं होतं, नाहीतर पोरगी रोज तासभर उशिरा पोचली असती. आणि बघ हं, इतक्या वर्षांत एकदा सेल बदलला नाही मी. एकदाही बंद पडलं नाही. देवाची कृपा, दुसरं काय!"

चिमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. कार्डिफला शिकायला गेली ती तिथेच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून राहिली. मी त्या घरात आले तेव्हा ती महिन्यातून एकदा येत असे, आल्यावर आधी पोह्यांच्या डब्यात हात घालत असे आणि मगच बूट काढत असे.

काकांना सगळं ईस्ट लंडन मात्र दुसऱ्याच कारणानं ओळखत होतं. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता, हे विचारायला इथल्या यच्चयावत उपास करणाऱ्या मराठी बायका त्यांना फोन करत. पुण्याहून मागवलेल्या पंचांगातली वेळ इथे उपयोगाची नव्हती. काका चतुर्थीच्या आदल्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसत आणि इल्फर्डचा चंद्रोदय काढत. मग दिवसभर फोनवर त्यांची तीच टकळी चाले. "नऊ अठ्ठावीस. तुम्ही केंब्रिजच्या का? मग बारा सेकंद वजा करा. कार्डिफ? तेरा मिनिटं मिळवा. तेरा! चंद्र तुमच्याकडे पोचायला तेवढा वेळ लागतो, बाई." उन्हाळ्यात मात्र या वेळेत एक तास आपला आपण मिळवायचा असतो, हे जुन्याजाणत्यांना माहीत असे. नव्यानं आलेल्या बायका चंद्र उगवायच्या तासभर आधी मोदक खाऊन मोकळ्या होत. गणपतीनं ते कसं घेतलं कोण जाणे.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्याजोगं होतं. पण एक गोष्ट अशी होती, जिच्यावर त्या घरात कुणी हसत नसे.

चिमीचा पदवीदान समारंभ जुलैत होता, दुपारी दोनला. काकू मदतीला म्हणून दोन दिवस आधीच कार्डिफला गेल्या होत्या. काका एकटे निघाले. गाड्या सगळ्या वेळेवर पकडल्या, कारण गाड्या पोटापाण्याच्या. पण कार्डिफला उतरल्यावर त्यांनी घड्याळ कार्डिफच्या खऱ्या वेळेला लावलं, एका बागेत बसून डबा खाल्ला, आणि 'दोन'ला सभागृहात पाऊल टाकलं. तेव्हा तीन वाजून तेरा मिनिटं झाली होती. दोन माणसं खुर्च्या एकात एक घालून भिंतीला लावत होती. चिमी गाऊन घालून पायरीवर बसली होती.

काका म्हणाले, "घाई केली यांनी."

चिमी त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही. हे मला काकूंनी सांगितलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या आणि मळतच राहिल्या, गोळा दगड होईपर्यंत.

म्हणूनच मी तिथे होते त्यातल्या शेवटच्या वर्षी, मार्चमध्ये, चिमीनं फोनवर लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हा आनंदाच्या आधी काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा गॅरेथ, वेल्श, शाळामास्तर, स्वभावानं लोण्याचा. लग्न ऑगस्टमध्ये, कार्डिफच्या रजिस्टर ऑफिसात, सव्वाअकराला. ऑगस्ट म्हणजे ऐन उन्हाळी वेळेचा महिना. चिमीनं फोन स्पीकरवर टाकायला सांगितला.

"बाबा, लिसन. ते लोक एक मिनिट पण थांबत नाही. बारा वाजता दुसरी लग्न आहे. ग्रॅज्युएशन मिस केली ना तू, तशी माझी लग्न नको मिस करू. प्रॉमिस कर. नाहीतर तू येऊच नको, आय मीन इट."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी वेळेवर येईन." आणि त्यात काहीच वचन नव्हतं, हे आम्हाला तिघींनाही कळलं.

फोन ठेवल्यावर काकू पहिल्यांदाच माझ्यासमोर त्यांच्यावर कडाडल्या. "एक दिवस! अहो, पोरीसाठी एक दिवस घड्याळ पुढे केलंत तर काय सूर्य कोसळणार आहे?"

"तत्त्व एका दिवसासाठी सोडता येत नाही. सोडलं की ते तत्त्व नसतं." काकांनी हात वर करून भिंतीकडे बोट दाखवलं. "त्याला विचार. त्यानं सोडलं का?"

भिंतीवर एका घड्याळाचं भलंमोठं छायाचित्र होतं. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलमध्ये ते जुनं घड्याळ आहे, तीन मजली इमारतीएवढं. त्यात ग्रह फिरतात, चंद्राच्या कला दिसतात, ग्रहणं कळतात आणि दुपारी बारा बाहुले रांगेनं येशूपुढून जातात. वर बसलेला लाकडी कोंबडा तीनदा आरवतो. पण काकांनी ते देवासारखं भिंतीवर लावलं होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की हे घड्याळ फ्रान्सची वेळ मानत नाही, आपल्या गावाची मानतं. सगळा फ्रान्स साडेबारा म्हणतो तेव्हा हे म्हणतं, बारा. "शेकडो वर्षांचा मान आहे त्याचा," काका म्हणाले. "ते वाकलं नाही. ते जर सरकारी उन्हाळ्यापुढे वाकलं असेल, तर मीही वाकेन."

"देवासमोर बोला," काकू म्हणाल्या.

काका देव्हाऱ्यापुढे गेले, हात जोडले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले, शब्दन् शब्द.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी काम सोडून इंटरनेटवर त्या घड्याळाचा शोध घेतला. बाहुल्यांची मिरवणूक: साडेबारा. रोज. बारा महिने. म्हणजे हिवाळ्यात ते काकांचं होतं आणि उन्हाळ्यात सरकारचं. संध्याकाळी मी काकूंना स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाल्या, "आता तोंडातून ब्र काढू नकोस." मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. एवढा भाबडा विश्वास मी आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता, आणि तो मोडायला आम्ही तिकिटं काढत होतो.

मे अखेरच्या बँक हॉलिडेला इल्फर्डच्याच एका गुजराती ट्रॅव्हलवाल्याची कोच निघाली. तीन दिवस, चार शहरं, शुद्ध शाकाहारी जेवण. सत्तेचाळीस प्रवाशांत चाळीस गुजराती आजी-आजोबा, थेपल्यांचे डबे, आणि सगळ्यात पुढच्या सीटवर काका. स्ट्रासबर्गच्या घड्याळानं बारा वाजवले की मगच लावायचं, म्हणून हातातलं घड्याळ त्यांनी इल्फर्डच्या वेळेवरच ठेवलं होतं, त्यामुळे फ्रान्समध्ये शिरल्यावर ते चक्क दोन तास मागे पडलं. गाइड सांगायचा, सकाळी आठला बसमध्ये बसा. काका सहाला तयार असायचे, म्हणजे आठलाच, आणि वर गाइडला म्हणायचे, "फार पहाटे उठवता हो तुम्ही."

स्ट्रासबर्गला पोचलो तेव्हा ऊन होतं. गाइडनं सांगितलं, "शो ट्वेल्व्ह थर्टीला आहे, पावणेबाराला लाइनमध्ये उभे राहा." काका त्याच्याकडे बघून हसले, मास्तर चुकलेल्या मुलाकडे बघून हसतो तसे. वहीत त्यांचं गणित तयार होतं. स्ट्रासबर्ग पावणेआठ अंश पूर्वेला, म्हणजे एकतीस मिनिटं. तिथला खरा मध्यान्ह त्यांच्या घड्याळात अकरा एकोणतीसला, आणि गाइडच्या घड्याळात दीडला एक मिनिट कमी.

"दोन-दोन तास आधी जाऊन काय करायचंय?" काका म्हणाले.

"आत गार आहे," काकू म्हणाल्या. "बाहेर तुमचं डोकं दुखेल."

काका आले. घड्याळासमोर उभे राहिल्यावर मात्र ते एकदम गप्प झाले. इतकी वर्षं भिंतीवर पाहिलेली वस्तू एवढी उंच असेल, असं त्यांना वाटलं नसावं. त्यांनी चंद्राचा गोळा शोधला, अर्धा काळा, अर्धा सोनेरी, आणि पिशवीतून पंचांग काढून ताडून पाहिलं. "अष्टमी," ते म्हणाले. "बरोबर आहे. बरोबर आहे गं." काकूंनी त्यांचा हात धरला. त्या क्षणी मला वाटलं, आपण दोघी महापापी आहोत.

पण काकांना मौन फार वेळ मानवत नसे. आमच्या कोचमधले आजी-आजोबा मान वर करून खोळंबलेले पाहून त्यांना कणव आली. ते एका बाकावर चढले नाहीत एवढंच. त्यांनी आपल्या हिंदीत व्याख्यान सुरू केलं. "देखिए, गाइड ने आपको गलत बताया है. अभी एक घंटा कुछ नहीं होनेवाला. यह घड़ी सरकार को नहीं मानती. आप लोग आराम से बैठिए, थेपला खाइए. मैं लिखके देता हूँ, एक घंटा यहाँ पत्ता भी नहीं—"

टण्ण!

वर एका सांगाड्यानं हातातलं हाड घंटेवर मारलं. सगळ्यात वरचं दार हललं. बाहुले निघाले, एकामागून एक, येशूपुढे वळून वाकून जाऊ लागले. आणि डावीकडच्या कळसावरच्या कोंबड्यानं पंख फडफडवले, मान ताणली आणि त्या थंडगार दगडी इमारतीत असा काही आरवला, की माझ्या अंगावर काटा आला. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

काका बोट वर केलेल्या अवस्थेतच उभे होते.

शेजारच्या एक म्हाताऱ्या बा त्यांच्या बाहीला ओढून प्रेमानं म्हणाल्या, "भाई, कूकडो तो बोली गयो."

गर्दी पांगल्यावर काका तिथल्या गणवेशातल्या माणसाकडे गेले. हातातलं घड्याळ त्यांनी दाखवलं. त्यात साडेदहा वाजले होते. "सर," ते इंग्रजीत म्हणाले, "हे घड्याळ एक तास कुणी पुढे केलं?"

"मार्चमध्ये करतात, मस्यू," तो म्हणाला. "नाहीतर लोकांच्या जेवणाचा खोळंबा होईल."

जेवण! काकांना युद्ध चाललं असतं, राजाचा हुकूम चालला असता. घड्याळ जेवणासाठी वाकलं होतं.

त्यानंतर ते बोलले नाहीत. सगळा फ्रान्स मागे पडला, थेपले फिरले, अंताक्षरी झाली, काका खिडकीतून बाहेर बघत बसले. काकूंचा जिंकल्याचा आनंद केव्हाच ओसरला होता. त्या मला हळूच म्हणाल्या, "चुकलंच गं आपलं. हरलेला माणूस बघवत नाही घरात." कॅलेला बोटीत बसल्यावर मी तीन चहा घेऊन आले. काकांनी कप घेतला, घोट घेतला आणि एकदम म्हणाले,

"तास दिला त्यानं. पण अर्धा तास सोडला नाही."

"काय?"

"बघ ना. तास सरकारला देऊन टाकला. देणं भाग असेल. पण तबकडीवर वेळ कुठली होती? साडेबारा नाही. बारा! सरकारचा तास सरकारला, गावाची मिनिटं गावाला. हे मला सुचलं नव्हतं." आणि त्यांनी काकूंच्या कपात बिस्किट बुडवून खाल्लं, म्हणजे स्वारी ताळ्यावर आली.

घरी पोचल्यावर काका स्टुलावर चढले आणि अकराही घड्याळं एक तास पुढे केली. सतरा सेकंदांना हात लावला नाही. काकूंनी शिरा केला. चिमीला फोन केला, तर ती पलीकडे हसत होती का रडत होती, मला कळलं नाही. आम्हा सगळ्यांना वाटलं, जिंकलो.

आपण जिंकलो नाही, हे जुलैत माझ्या लक्षात आलं. काका पेपर वाचता वाचता म्हणाले, "अगं, चिमीचं किती वाजता आहे?"

पत्रिका माझ्या समोर फ्रिजवर लावलेली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"अकरा," भेंडी चिरत, मान वर न करता त्या म्हणाल्या.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावाची मिनिटं गावाला! कार्डिफ पश्चिमेला. काका तिथे तेरा मिनिटं मागे जाणार. सव्वाअकरा सांगितलं असतं, तर स्वारी साडेअकराच्या सुमाराला उगवली असती आणि पुन्हा खुर्च्या भिंतीला लागल्या असत्या. तेरा हा आकडा काकूंना कुणी शिकवायला नको होता. लेक कार्डिफला गेल्यापासून दर संकष्टीला त्या तो फोनवर ऐकत आल्या होत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो. काका खिडकीशी बसून दर स्टेशनला आपल्या चावीच्या घड्याळाचा काटा मागे घेत होते. रेडिंगला चार मिनिटं, स्विंडनला सात, न्यूपोर्टला बारा. समोरचा इंग्रज गृहस्थ शेवटी आपल्याच घड्याळाकडे संशयानं बघू लागला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी आम्ही रजिस्टर ऑफिसच्या पायऱ्यांशी होतो. काकू आत गेल्या. काका थांबले. "अजून वेळ आहे," ते म्हणाले आणि घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे राहिले. त्यांना एकटं सोडायची माझी हिंमत झाली नाही. उघड्या दारातून आतलं भिंतीवरचं घड्याळ मला दिसत होतं. अकरा आठ. शालू नेसलेली चिमी दोनदा दाराशी येऊन गेली. अकरा दहा. रजिस्ट्रारबाई चष्मा पुसायला लागल्या. चिमीनं काकांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. ती पायरीवर कशी बसली असेल, ते मला तेव्हा दिसलं. अकरा बारा. 

"चल," काका म्हणाले. "अकरा."

आत पाऊल टाकताना त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून बारा मिनिटं आणि त्रेचाळीस सेकंद. सव्वाअकराला दोन मिनिटं सतरा सेकंद कमी.

"यू आर इन गुड टाइम, सर," रजिस्ट्रारबाई म्हणाल्या.

"युवर क्लॉक इज फास्ट, मॅडम," काका नम्रपणे म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. चिमी एवढ्या मोठ्यानं हसली, की गॅरेथला शपथ दोनदा घ्यावी लागली.

जेवण जवळच्याच एका पबच्या वरच्या मजल्यावर होतं. काका मला हातानं खुणावून खिडकीपाशी घेऊन गेले. जाकिटाच्या आतल्या खिशातून त्यांनी कागदाची एक पुडी काढली, अंगाऱ्याची असते तशी. उघडली. आत शर्टाच्या बटणाएवढा एक सेल होता.

"हा ठेव तुझ्याकडे. घरी गेलीस की लगेच बदल. या वेळी जरा लवकरच मागे पडायला लागलंय ते."

"कुठलं, काका?"

"पोह्यांच्या डब्यातलं."

मी पुडीकडे पाहिलं, मग मागे वळून काकूंकडे.

"अगं, पंचवीस वर्षं एका सेलवर घड्याळ चालतं का कुठे?" ते म्हणाले. "ती शनिवारी मंदिरात गेली, की बदलायचो मी. आता बोटं थरथरतात. ते मागचं झाकण उघडत नाही. गेल्या वेळी काटा वाकवून ठेवला होता, पाऊण तास लागला सरळ करायला. तेव्हा आता तू बघ. आणि वेळ सरकारी लाव हं. आपले सतरा सेकंद त्यात घालू नकोस. ते तिचं आहे."

"मग काकूंनी अकरा सांगितलं, ते पण तुम्हाला..."

"पत्रिका फ्रिजवरच होती की," काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "रिकाम्या खुर्च्या पाहिल्यात मी एकदा. पुन्हा बघायच्या नव्हत्या."

मी पुडी पर्समध्ये ठेवली. मला रडू येत होतं आणि मघाचं हसूही अजून आवरलं नव्हतं. पाठीमागच्या टेबलावर काकू गॅरेथच्या आईच्या कानाशी लागल्या होत्या, आणि त्यांचं कुजबुजणं नेहमीप्रमाणे सगळ्या हॉलला ऐकू येत होतं.

"आय टोल्ड हिम इलेव्हन," काकू सांगत होत्या. "पुअर मॅन. ही डझन्ट नो."

काकांनी मान खाली घातली आणि आपल्या घड्याळाला सावकाश चावी देऊ लागले.